मेलेच्या धाकट्या बहिणीचं नाव

प्रिय सिसिलियाताई,

ऑकलंडहून सामिसोनीचा नमस्कार.

तुझं-माझं एक दुखणं सारखं आहे. बाबांच्या घरात आपल्या आईला कुणी नावाने हाक मारली नाही. जन्मभर ती 'हापाई बेटांवरची', म्हणजे बाहेरची, राहिली. दफनाच्या दिवशी पाद्रीबुवांनी तिचं नाव विचारलं, तेव्हा आपल्या आत्या एकमेकींकडे पाहत राहिल्या.

इकडे सगळं ठीक. बाळ लहानखुरं आहे, म्हणून अजून हॉस्पिटलात ठेवलंय. डॉक्टर काळजी नको म्हणतात. बाळंतपणानंतर लोसे नीट जेवते, झोपते मात्र कमी. तुझा गुडघा कसा आहे?

तू बाळासाठी फोनवर सुचवलेलं 'क्रिस्टल' हे नाव मी लोसेच्या कानावर घातलं. बऱ्याच दिवसांनी ती हसली. म्हणाली, "मेले, क्रिस्टल, जेवायला या! एक घरची वाटते, एक पाहुणी. ताईंना सांग, मुलगी झालीय, झुंबर नाही."

तिचं बरोबर आहे. मेले हे बाबांच्या आईचं नाव, आमच्या थोरलीला तूच ठेवलेलं. जुनं, छोटं, साधं. त्याच्या शेजारी तसंच नाव शोभेल. आपल्या आईचं, सेला.

मी इथे चर्चमध्ये न्यायावर तासभर बोलतो. पण नाव ठेवायचा हक्क आत्याचा, आणि तो मी मोडणार नाही. तू ठेवलंस तरच सेला हे बाबांच्या घरचं नाव होईल. आपल्या आत्यांना राग येईल. येऊ दे.

येत्या रविवारी तिकडे चर्चमध्ये प्रार्थना संपली की सगळ्यांसमोर उभी राहा आणि मोठ्याने सांग: सामिसोनीच्या धाकटीचं नाव सेला.

तुझाच भाऊ,
सामिसोनी