पेटीत कोन हाय?

अकोला, २४ नोव्हेंबर १९५८
आज कापसाच्या प्रेसमध्ये कामगार कल्याण अधिकारी म्हणून रुजू झाले. मोर्शीच्या मोटार स्टँडवर बाबा दिसेल त्याला सांगत होते, आमची सिंधू बी. ए. झाली, आता साहेब होऊन राहिली. लाज वाटली, बरंही वाटलं.

दाबाची पेटी पाहिली. लाकडी, विहिरीसारखी खोल. माणूस आत उतरून कापूस तुडवतो. तो वर आला की वरचा जड दट्ट्या सोडून कापसाची गाठ दाबतात. दट्ट्याच्या दांड्याला कुलूप आहे, पण वरच्या माळ्यावरून खुशालराव मिस्त्री ते अंदाजानेच उघडतात. हे बदलायला हवं.

२ डिसेंबर
माझा नियम लागू झाला. मिस्त्री वरून विचारणार, आत कोण? पेटीच्या तोंडाशी उभी असलेली कौशल्या नाव सांगणार. नाव आलं की कुलूप काढायचं नाही. खुशालराव म्हणाले, बाई, तुमी तं पेटीची हाजरी घेऊन राहिल्या! बायका खूप हसल्या. मीही.

१५ डिसेंबर
कौशल्या आली नाही. तिच्या जागी रुख्मिणी होती, आणि पेटीत तिचा नवरा, नत्थुजी. मिस्त्रींनी विचारलं. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? "घरचे," म्हणाली. इंजिनाच्या आवाजात त्यांना "घरी" ऐकू आलं. तो घरी गेला समजून त्यांनी कुलूप काढलं.

गाठीतून रक्त गळायला लागलं. गाठीवरच्या लोखंडी पट्ट्या तोडल्या तर आधी हात निघाला, नुसता हात. चेहरा कापसात चेपला होता. रुख्मिणी तेव्हाही नाव न घेता हाक मारत होती: अवो... अवो...

२२ डिसेंबर
मिस्त्रींनी विचारलं. कामावर परतलेल्या कौशल्याने सांगितलं, कोनी नाई. पेटी रिकामीच होती. तरी आतून माझं नाव आलं. आवाज नत्थुजीचा. सगळ्यांनी ऐकला. कुलूप तसंच राहिलं.

२६ डिसेंबर
रोज तेच. गाठी अडल्या. मालक भडकले: सिंधूबाईचं नाव आलं तर आत कोणी नाही समजा अन् दाबा.
आता दाबतात.

२७ डिसेंबर
असं चाललं तर नियम जाईल, पुन्हा कोणीतरी चिरडून मरेल. मिस्त्री जेवायला गेलेत. आवाजाचा छडा लावायला मीच पेटीत उतरले आहे. ऐकू येईल ते इथेच टिपणार. कौशल्या तोंडाशी आहे.

काही नाही. कापूस फक्त—
ओला. घोट्याला बोटं— ओढताहेत— हाड मोडलं—

वर पावलं. मिस्त्रींनी विचारलं. कौशल्या माझं नाव ओरडते आहे, गळा फाटेस्तोवर— मीही—

ते हसले. म्हणाले, आलं ना बावा, थेच नाव. कुलूप निघ—