कंसातलं मनात वाचा

थोरल्या साडूभाऊंना धाकट्या साडूचा नमस्कार. दोन्ही हात जोडून केलेला आहे, कारण हल्ली माझे दोन्ही हात मोकळेच असतात.

बसचा क्लच दाबून दाबून झिजलेला तुमचा गुडघा आता कसा आहे? ताईंची पाठ बरी असेलच, कारण घरात कामाला आयतं माणूस आलेलं आहे. त्या माणसाची दाढ काढली होती तिथली हिरडी भरली का? (हे मी विचारलं असं तिला कळू देऊ नका. सहज विषय निघाल्यासारखं विचारा आणि कळवा.) इकडे मी ठणठणीत आहे आणि घरात ठणठणाट आहे. चहा मी आता स्वतः करतो. पहिल्या दिवशी साखरेच्या जागी मीठ पडलं, दुसऱ्या दिवशी मीठ नक्की कुठलं ते कळावं म्हणून चाखून बघितलं, तर ते भांडी घासायची पावडर निघाली. पण ते असो.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोन ती उचलत नाही, ताई उचलतात आणि 'ती झोपलीये' म्हणतात (भर दुपारी, मागे तिचाच आवाज येत असताना), आणि तुम्ही 'स्टिअरिंगवर आहे' म्हणून ठेवून देता. स्टिअरिंगवर आहे! हे वाक्य मला सध्या कुठे जाऊन लागतं, तुम्हाला कल्पना नाही. पत्र मात्र असं मध्येच ठेवून देता येत नाही. फक्त एक विनंती आधीच करून ठेवतो. जेवणं झाली की आलेली पत्रं सगळ्या घराला वाचून दाखवायची तुम्हाला सवय आहे, तीही बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. मागे एकदा मी 'हे आपल्या दोघांतच राहू द्या' असं लिहिलं होतं, तेसुद्धा तुम्ही खणखणीत वाचलं होतंत. तेव्हा या खेपेला मी काही मजकूर कंसात घातला आहे. कंसातलं मनात वाचा. बाकीचं हवं तर खिडकीत उभं राहून वाचा, अब्रूचे धिंडवडे तसेही निघालेलेच आहेत.

झालं काय, ते तुम्ही एका बाजूने ऐकलं असेलच. आता माझी बाजू ऐका. आमच्या टॅक्सी स्टँडवरचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर म्हणजे रिव्हर्स अण्णा. कुठलीही गोष्ट सांगायला घेतली की तो मागे मागेच जातो म्हणून हे नाव पडलं. त्याने त्या दिवशी गाडी कायमची सोडली आणि दुपारी गॅरेजच्या मागच्या खोलीत आम्ही त्याला निरोप दिला. निरोप कोरडा कसा द्यायचा? मी नको म्हणालो होतो. (दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा तोंडात ग्लास होता.) मला हिला दाताच्या डॉक्टरकडून आणायचं होतं. ठरलं असं होतं की मी खाली येऊन दोन छोटे हॉर्न द्यायचे आणि तिने उतरायचं. आमचं लग्न झाल्यापासून हे असंच चालत आलं आहे. दोन छोटे म्हणजे 'खाली ये', एक मोठा म्हणजे 'उशीर होतोय, चहा टाकू नकोस'. तोंडाने फारसं बोलायची वेळच यायची नाही. (याची मला केवढी घमेंड होती, साडूभाऊ. अर्धी जिंदगी हॉर्नवर संसार केला म्हणून मी स्टँडवर सांगत सुटायचो.)

तर मी उठलो. तिथून दवाखाना चालत जाण्यासारखा होता. पण ड्रायव्हरच्या पायांना चालणं ठाऊक नसतं, ते आपले गाडीकडेच वळतात. बसलो, चावी फिरवली, आणि हाताने आपणहून मीटर टाकलं. रिकामी गाडी, स्वतःच्या बायकोला आणायला निघालेला नवरा, आणि मीटर चालू! वळण घेतलं तर पुढे पोलिसांची तपासणी. गाडी मी व्यवस्थित इंडिकेटर देऊन बाजूला लावली, हे कोर्टातही सांगितलं, कोणी कौतुक केलं नाही. मग एक युक्ती सुचली. ती कुठल्या बाटलीतून आली देव जाणे. मी दार उघडून उतरलो आणि मागच्या सीटवर जाऊन बसलो. हवालदार आला, ड्रायव्हर कुठे म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, पाणी आणायला गेलाय, मीसुद्धा केव्हाचा खोळंबलोय. (वर 'हल्लीचे ड्रायव्हर!' म्हणून मान हलवली, ते जरा जास्त झालं.) त्याने आत डोकावून चालू मीटर बघितलं. मग पुढच्या सीटच्या पाठीला ड्रायव्हरचं जे ओळखपत्र प्रवाशांना दिसेल असं लावायचा नियम आहे, ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. परत फोटोकडे बघितलं. फोटोतला माणूस तुमच्यापेक्षा शुद्धीवर दिसतोय, म्हणाला. वर भाडं कोण देणार असं विचारलं, तर मी हात जोडून म्हणालो, मीटरप्रमाणे होईल तो दंड भरतो साहेब. बसल्या जागेवर गुन्हा कबूल! दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो म्हणतात. मी आधी प्यायलो आणि मग त्यांच्या यंत्रात फुंकलं.

ठाण्यातून दवाखान्यात फोन गेला, तेव्हा ही आली ती बसने. (तुमच्या खात्याची बस होती. तिथे थांबा नसताना थांबली असं तिने नंतर ताईंना सांगितलं म्हणे. त्या ड्रायव्हरला माझा नमस्कार सांगा.) तोंडात कापसाचा बोळा, गाल टमाट्यासारखा सुजलेला, आणि डॉक्टरने संध्याकाळपर्यंत बोलायला बंदी केलेली. फौजदाराला वाटलं बाई मुकी आहे, म्हणून तो हातवारे करून तिला माझा गुन्हा समजावायला लागला. त्याने अंगठा तोंडाला लावला, मग हवेत स्टिअरिंग फिरवलं, मग माझ्याकडे बोट दाखवलं. मला हसू फुटलं. तिला नाही फुटलं. घरी येईपर्यंत ती गप्प होती आणि मी मनात म्हणत होतो, बरं झालं दाढ काढली. संध्याकाळी तिने बोळा काढला, चूळ भरली आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही मला न्यायला येत होतात. आणि मी बसले असते."

साडूभाऊ, ओरडली असती तर बरं झालं असतं हो. भांडी आपटली असती, माझ्या बापाचा उद्धार केला असता, तर मी दोन शब्द फेकले असते आणि मिटलं असतं. पण यावर बोलणार काय? खरंच बसली असती ती. दोन छोटे हॉर्न ऐकले असते आणि गाल धरून, काही न विचारता, येऊन मागे बसली असती. सकाळी तिने पिशवी भरली. मी सवयीने म्हटलं, चल सोडतो. ती बसथांब्याकडे चालू लागली. सोडायला माझ्याकडे होतं काय? चावी पोलिसांकडे, लायसन्स पोलिसांकडे.

कोर्टाचं फार लांबवत नाही. तिथे आमची पाळी आली आणि गेली. दंड झाला, ठरावीक मुदतीसाठी लायसन्स गेलं. मी म्हटलं, चला, आटपलं. पण टॅक्सीवाल्याला दोन लग्नं असतात, एक लायसन्सशी आणि दुसरं बिल्ल्याशी. लायसन्स म्हणजे गाडी चालवता येते, बिल्ला म्हणजे लोकांना त्यात बसवता येतं. बिल्ला देणारी समिती वेगळी, आणि तिथे कोर्टापेक्षा वाईट प्रकार. समितीच्या प्रमुख एक बाई आहेत, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज शाळेतल्या बाईंचा. त्यांनी नियम वाचला: सदर इसम प्रवासी वाहून नेण्यास लायक आहे काय? आता लायक हा शब्द मी आजवर 'ना' लावल्याशिवाय कधी ऐकलेलाच नव्हता. वडील म्हणायचे, मास्तर म्हणायचे, लग्नात तुम्हीही हळूच ताईंना म्हणाला होतात (मी ऐकलं होतं). तेव्हा पुढचा 'ना' कुठे सांडला म्हणून मी इकडेतिकडे बघायला लागलो. बाईंनी विचारलं, त्या दिवशी त्या गाडीत तुम्ही घरच्या माणसाला बसवलं असतंत का? मी म्हटलं, मॅडम, घरच्या माणसालाच आणायला निघालो होतो. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि निर्णय पुढे ढकलला.

सध्या मी स्टँडवर दुसऱ्यांच्या गाड्या धुतो. कामाला लाज नाही, पण धुतलेली गाडी जाग्यावरून हलवायची झाली तर मालकाला हाक मारावी लागते, तेव्हा जीव जातो. येणं-जाणं बसने. आयुष्यभर तुमच्या बसला 'डबा' म्हटलं, रस्त्यात आडवी आली म्हणून शिव्या घातल्या, ते सगळं आता फेडतोय. ड्रायव्हरच्या मागे उभा राहतो आणि वळण आलं की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो. पुढे उभ्या असलेल्या बाईंच्या चपलेवर दोनदा दाबला. घरात स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत वळताना हात बाहेर काढतो. कोणी नसतं, तरी काढतो.

दंड भरून सोडवलेली आमची गाडी आवारात कापड घालून उभी आहे. संध्याकाळी कापड काढतो, पुसतो आणि मागच्या सीटवर बसतो. पुढे बसलं की हात चाकाकडे जातात. मागे बसायची मला सवय नव्हती. ही मात्र नेहमी मागेच बसायची. पुढे बसले तर तुम्ही बोलत राहता आणि रस्त्याकडे बघत नाही, म्हणायची. मग आम्ही आरशातून बोलायचो. मागे बसल्यावर पहिल्यांदा कळलं की तिला इतकी वर्षं माझ्या डोक्याचा मागचा भाग, तो फोटो आणि आरशात माझे दोन डोळे एवढंच दिसत आलं. आरसा अजून तिच्या उंचीला लावलेला आहे. मी बसलो की त्यात नुसतं गाडीचं छप्पर दिसतं. हात लावून सारखा करता येईल, पण करत नाही. मला तिची फार आठवण येते, साडूभाऊ. (हे कंसात घालणार होतो, विसरलो.)

बाकी क्षेम. ताईंना नमस्कार, गुडघ्याला शेक द्या, आणि मोठ्यांनी लहानाचं चुकलंमाकलं पोटात घालावं.

आपला,
सध्या पायी असलेला साडू

ता. क. मूळ काम राहिलंच. समितीपुढे द्यायला, 'हा माणूस लायक आहे' अशा अर्थाच्या चार ओळी तुम्ही लिहून द्याल का? तुमची आख्खी नोकरी बिनअपघाताची, थेंबाला शिवला नाहीत. तुमच्या शब्दाला वजन आहे. बसवाल्यापुढे टॅक्सीवाल्याने हात पसरला, यातच सगळं आलं.

ता. क. पुन्हा. खोटं कशाला बोलू? नात्यातल्या माणसाचा दाखला समिती घेतच नाही. बाईंनी स्पष्ट सांगितलंय. तरी तुम्ही लिहायला बसा. तुम्ही सरळ माणूस, तिला विचारल्याशिवाय 'लायक' हा शब्द लिहायचे नाहीत. पेन हातात घेऊन विचाराल, काय गं, लिहू का? ती काय म्हणते तेवढंच मला कळवा. बिल्ल्याचं बाई बघून घेतील.

ता. क. शेवटचं. तुम्ही कंसातलंही मोठ्याने वाचलंत हे मला माहीत आहे, म्हणूनच कंस घातले. आता हे जरा सावकाश वाचा. ऐकतेस ना? रविवारी सकाळच्या बसने येतो. रिव्हर्स अण्णाच्या निरोपानंतर थेंब घेतलेला नाही, दारात आधी तोंडाचा वास घे. हॉर्न नाही माझ्याकडे. इतक्या वर्षांत तुला नावाने हाक मारली नाही, गिऱ्हाइकासारखा हॉर्न मारला. या वेळी खाली रस्त्यावर उभा राहून नाव घेऊन बोलावीन. घरी एकटा असताना म्हणून बघतोय, अजून आवाज कापतो. साडूभाऊ, ती हो म्हणाली तर खिडकी उघडी ठेवा. नाही म्हणाली तरी उघडी ठेवा, हाक तेवढी ऐकू जाऊ दे.