मैलकुली भैरू, हजर

२४ ऑगस्ट, रविवार. मुठा.
खोली मिळाली! पिरंगुटच्या कारखान्यात पॅकिंगचं काम परवाच लागलं होतं, आता राहायचंही झालं. पुढे भाताचं खाचर, मागे आंब्याखाली नळ. मी नववीपर्यंतच शिकलो. चूक होऊ नये म्हणून हळू लिहितो.

खरं काम वेगळंच आहे. धाकट्या बहिणीला, किमयाला, नर्सिंगला प्रवेश मिळाला, पण जात पडताळणीला जुना पुरावा मागतात. आमचे पणजोबा भैरू मोठ्या लढाईहून परतले, तेव्हा सरकारने त्यांना इथल्या रस्त्यावर मैलकुली नेमलं. एक मैल रस्ता, त्याची डागडुजी त्यांच्याकडे. पुढे बदली होऊन ते करमाळ्याला आले आणि आम्ही तिकडचेच झालो. त्यांचं सेवापुस्तक सापडलं की किमयाचं वर्ष वाचेल.

घरमालकीण सगुणाबाई पंचाहत्तरीच्या आहेत. माझं आडनाव ऐकून त्या हातातलं सूप खाली ठेवून बघतच राहिल्या.

२६ ऑगस्ट
सगुणाआजी भैरूच्याच सूनबाई निघाल्या! म्हणजे पणजोबांचं इथेही घर होतं. बायको सारजाबाई आणि एक मुलगा. आजी म्हणाल्या, मंजी आमचा मामंजी तिकडं दुसरा संसार थाटून बसला व्हता व्हय रं? लई गुणाचा गडी! मग हसून, घे, चोराचा पणतू तू, असं म्हणून माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

जेवताना बाकीचं सांगितलं. एका श्रावणात भैरू रस्त्यावर गेला तो परतलाच नाही. सारजाबाई साहेबाच्या कचेरीत जाऊन रडली. तिथे सांगितलं, भैरू रोज हजर आहे, मस्टरवर अंगठा आहे, आता तर बदलीही झाली. हजर माणूस मेला कसा म्हणायचा? सारजाबाईने मरेपर्यंत कुंकू लावलं. भैरूचा दहावा नाही, पितरांत पान नाही. आजी म्हणाल्या, सरकार म्हणतंय हजर, मग कावळ्याला काय सांगायचं?

३ सप्टेंबर
सेवापुस्तक मिळालं. पुण्यातल्या जुन्या दप्तरखान्यातल्या हेमलता मॅडमनी शोधून दिलं. पहिल्या पानावर डाव्या हाताच्या पाची बोटांचे ठसे, आरशासारखे स्वच्छ. दर पाच वर्षांनी ठसे पुन्हा घेत. ते पानही पाहिलं. तिथे चारच ठसे, तर्जनीची चौकट रिकामी.

पणजोबांना डाव्या हाताची तर्जनी नव्हतीच. लहानपणी गुऱ्हाळात चरकात गेली, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी. मग पहिल्या पानावर पाच बोटं कुणाची?

मॅडम म्हणाल्या, अरे नंतर तुटलं असेल, तू काय पोलीस आहेस? पण अंगठेही वेगळे आहेत. पहिल्यावर रेषांचा शंख, दुसऱ्यावर चक्र. मी भिंग लावून पाहिलं.

हे दोन माणसांचे हात आहेत. पहिला खरा भैरू. दुसरा आमचा पणजोबा; तो भैरूच्या नावावर, भैरूच्या नोकरीवर जगला. त्याचं खरं नाव आम्हाला ठाऊकच नाही. मरताना तो दगड टाका, आणखी टाका, म्हणत होता. आम्हाला वाटायचं, रस्त्याचं काम आठवतंय.

५ सप्टेंबर
फक्त पहिल्या पानाची नक्कल पडताळणीला दिली. दुसऱ्याबद्दल बोललो नाही. आजींनाही नाही. किमयाचं वर्ष महत्त्वाचं. मेलेल्याला काय फरक पडतो?

८ सप्टेंबर
कारखान्याच्या यंत्रावर अंगठा ठेवला, तर हजेरी आधीच लागलेली. फाटकावरचा निरंजन हसला. म्हणाला, अमोल्या, आत्ताच आत गेलास की, माझ्याकडनं तंबाखू पण घेतलीस! मी तंबाखू खात नाही.

११ सप्टेंबर
ताप होता, दिवसभर खोलीतच पडून. संध्याकाळी सुपरवायझरचा फोन, आज कमाल केलीस, एकट्याने दोघांचं काम ओढलंस.
हजर. मी न जाता हजर.

१५ सप्टेंबर
आजींना सगळं सांगून टाकलं. वाटलं, रडतील. त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, आमच्या सासूनं जिता नवरा म्हणून मेलेल्याचं कुंकू लावलं, पोरा. त्यो आता आला आसंल तर मी त्याला न्हाई म्हनायची न्हाई.
मी पाया पडलो. तेव्हा म्हणाल्या, सर्वपित्रीला पान ठिव. काय मागतोय बघ.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री
नदीकाठी पान ठेवलं. कावळा आला, समोर बसला. शिवेना.
आजी म्हणाल्या, बोल, काय देतूस?
दाखल्याचा अर्ज मागे घेतो म्हणालो. शिवला नाही. आडनाव सोडतो म्हणालो. नाही. हाडं शोधून तुझा दहावा घालतो— नाही. तो नुसता माझ्याकडे बघत होता. मी ओरडलो, किमयाला सोड, हवं तर तुझ्या जागी मी राहतो—
वाक्य पुरं व्हायच्या आत चोच मारली.
आजी म्हणाल्या, सुटला. मागे न बघता चालू लागल्या. मी हाका मारल्या. थांबल्या नाहीत.

२३ सप्टेंबर
बस थांबत नाही. हात केला, आडवा उभा राहिलो— अंगावरून— लागलं नाही.
आजींनी खोली झाडून घेतली. दारावर पाटी, खोली भाड्याने देणे आहे. मी दारातच उभा होतो.

तारीख नक्की नाही
रस्त्याच्या या मोरीपासून त्या वडापर्यंत. त्यापुढे पाय उचलत नाही. एक मैल.

फोन लागला. एकदाच. किमया म्हणाली, कोण बोलतंय, चेष्टा पुरे, दादा इथे जेवतोय. दाखला मिळाला, खूश आहे. मी ओरडलो, तर तिने फोन त्याला दिला. माझाच आवाज. म्हणाला, हितं समदं बेस हाय. तू तुजा मैल बघ.

नंतर
त्याला फोन देण्याआधी तिने एक सांगितलं होतं. तेव्हा लक्ष नव्हतं. दादाला आता घराण्याचं वेड लागलंय. पणजोबांची सगळी लेकरं-नातवंडं कुठे कुठे आहेत, आईकडून विचारून घेतोय. गावं. घरं. एकेकाकडे जाऊन येणार म्हणे, काकापासून सुरुवात—

किमया, तो मी नाही. आईला सांग, बोलू नको. काकाचं सांगितलं असेल तर त्याला घर सोडायला— आत्याचं सांगू नको. तिच्या स्नेहलताईच्या बाळाचं तर अजून बारसंही— त्याचं नाव त्याला