बिनगोडाचं ताट

धंतोली, नागपूर
दि. ५ नोव्हेंबर १९८२

चि. चंद्रभान,

तुले, भावजय जयवंताले अन् लेकरांले गोपिकाताईचे आशीर्वाद. इकडे सारं ठीक आहे. तुझ्या भाटव्याचे, आमच्या यांचे, गुडघे कुरकुरतात, तरी रोज लकडगंजला लाकडाच्या आरा मशीनवर जातात. माझी खानावळ बरी चालून राहिली, दवाखान्यांत डबे जातात. भिवापुरात मिरची लाल व्हायले लागली असेल. वर्षभर तुझं कार्ड नाही. कामात असशील गा. असो.

एक गोष्ट सांगायची आहे. इथे दवाखान्यात उमरेडचे चंपतराव म्हणून एक म्हातारे होते. अल्सरचं ऑपरेशन झालेले, तुझ्यासारखेच. कोजागिरी म्हणून मी त्यांच्या डब्यात शिरा अन् आटवलेलं गोड दूध दिलं. दुपारी त्यांची बायको धावत आली. "काय घातलं वं बाई डब्यात? म्हातारा घामानं निथळून राहिला, हात थरथरून राहिले!"

मागच्या भाऊबीजेले माझ्याकडे जेवून तुझं अगदी हेच झालं होतं ना!

तशीच अनवाणी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "माझ्या हातालेच काही आहे का हो?"

त्या हसल्या. "हाताला काही नाही, बाई. ऑपरेशननंतर यांचं जठर अन्न धरून ठेवत नाही. गोड खाल्लं की ते सरळ लहान आतड्यात जाऊन पडतं, तिथं भराभर पुढे सरकतं, आणि साखर एकदम रक्तात जाते. त्यात आतड्यातून हार्मोन सुटतात, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. ते गरजेपेक्षा जास्त सुटलं की साखर धाडकन खाली येते. म्हणून हा घाम."

म्हणजे आपल्या अंगणातल्या मिरचीसारखं. मिरची म्हणजे साखर, बाया म्हणजे ते इन्सुलिन. टोपलं टोपलं टाकलं तर देठं खुडणाऱ्या बाया शांत काम करतात. सारं पोतं एकदम ओतलं की माय घाबरून अख्खी आळी हाका मारून बोलावते, अन् मग त्या बाया घरात ठेवलेली मिरचीही ओढून संपवतात.

मी विचारलं, "अन् घाम आला म्हणून गुळाचं पाणी पाजलं तर?" म्हणाल्या, "थोडं चालेल. तांब्याभर पाजलं तर तेच चक्र पुन्हा सुरू." अरे देवा! आपण तर तुले तांब्याभरच पाजलं होतं. त्याआधी भाटव्यानं आग्रह करकरून पुरणाच्या पोळ्या वाढल्या, वरून पाकातले चिरोटे. पाहुणचार गा आपला!

आता बोलतेच. जयवंता तेव्हा म्हणाली, "नणंदेनं ताटात काहीतरी घातलं." ते मले लागलं. पण तू मान खाली घालून एसटीत जाऊन बसला, तिले एका शब्दानं अडवलं नाही, ते जास्त लागलं. वर्षभर मी पुरण शिजवलं नाही. वाटलं, तुझं नावच टाकावं. पण पाठच्या भावाचं नाव टाकता येते काय? लई रडली मी.

डॉक्टरीणबाई म्हणतात, थोडं थोडं खायचं, गोड टाळायचं, जेवता जेवता पाणी प्यायचं नाही. डाळ-भाकर-भाजीनं अन्न सावकाश सरकते, साखरही हळूहळू रक्तात जाते. चंपतराव तसंच जेवले, माझ्याच डब्यातलं, अन् काल हसत घरी गेले. तू पण एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवून घे, मी सोबत येईन.

तर भाऊबीजेले ये. ओवाळून झाल्यावर तुझ्या तोंडात पेढा नाही, मुगाचा वडा घालीन. लोक हसले तर हसोत. जयवंताले घेऊनच ये. ती माझ्या चुलीपाशी बसू दे, पीठ तिनंच मळावं, मीठ तिनंच टाकावं. राग आहे मले, काहून खोटं बोलू? पण ती आली तर तिच्या हातचा चहा पिऊन राग गिळून टाकीन.

ओवाळणीत लुगडं-बिगडं आणू नको. अर्धी भाकर खा, पण माझ्या हातची खा. तेवढीच ओवाळणी घाल मले.

ताट मांडून वाट पाहणारी,
तुझी गोपिकाताई