मुठेलाचा प्रश्न

१० फेब्रु.
माझ्या भाचीची, नंदूची निवड एका गुणाने गेली. कृषी अधिकारीपदाची परीक्षा, वयात बसणारी शेवटची. प्रश्न होता: कोकमाचं तेल, म्हणजे आपलं मुठेल, फळाच्या कोणत्या भागापासून काढतात? तिने लिहिलं, बी. पहिल्या उत्तरतालिकेत बी बरोबर. अंतिम तालिकेत साल! जन्मभर बिया कुटून, उकळून मी मुठेलाचे गोळे वळले. आता भरती मंडळाचे तज्ज्ञ मला शिकवणार.

११ फेब्रु.
राग जात नाही. मिशनच्या शाळेत सिस्टरनी एकदा माझं बरोबर गणित चूक धरलं होतं. दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गासमोर 'माझी चूक झाली' म्हणाल्या आणि गुण दिले. किती साधं होतं ते. मंडळाचं फोनवर उत्तर: अंतिम तालिकेवर हरकत घेता येत नाही. आणि अंतिम तालिकाच चुकली असेल तर...

१९ फेब्रु.
याचिका दाखल. वकील म्हणतात, तज्ज्ञांच्या मतात कोर्ट सहसा पडत नाही. शिवाय यादीतली शेवटची मुलगी प्रतिवादी. जामसंड्याची तन्वी. नंदू जिंकली तर हिची जागा जाणार. मी हा विचारच केला नव्हता. नोटीस हमदस्त, आपणच नेऊन द्यायची.

२२ फेब्रु.
नंदूबरोबर जामसंड्याला. तन्वीच्या आईने दारातच विचारलं, "दुसऱ्याच्या चेडवाच्या पानातला ओढूक लाज नाय वाटणा?" मी पिशवीतली नोटीस तिच्या लेकीपुढे धरली. तन्वीने सही केली. मग नंदूला म्हणाली, "माका म्हायत आसा गो, मुठेल बियेचाच. घाईत सालीर खूण केलंय."
"गप रव तू," आई.
नंदूने विचारलं, हे कोर्टाला लिहून देशील? तिने नोटिशीची घडी केली आणि आत गेली.

२४ फेब्रु.
वकील म्हणतात, तिचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर बाजू भक्कम, मागे लागा. नंदू ऐकत नाही. "चूक मंडळाची, मावशी. ती तन्वीने का भरायची?"
खरंय. पण मग माझ्या पोरीने तरी का? बहिणीमागे हिला वाढवलं, खोटं लिहू नको एवढंच शिकवलं. ज्याने बीची साल केली त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. त्याच्या दारात नोटीस कुणी न्यायची?

४ मार्च
उद्या सुनावणी. बॅगा भरल्या. संध्याकाळी तन्वीचा फोन, कोर्ट कितीला बसतं म्हणून. नंदूने वेळ सांगितली, कुडाळहून गाडी किती वाजता तेही सांगितलं. ती कुणाच्या बाजूने येतेय ते हिने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.