थोरलं अक्षर, धाकटं अक्षर

गुरुवार, १० मे १९७९

आली! मुंबईहून नात आली. चपला काढायच्या आधीच म्हणते, "आज्जी, या खेपेला तरी नावानं हाक मार की." आता कशी मारू? सासूबाई गेल्यावर त्यांचंच नाव ठेवलं पोरीला. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं. बावीस वर्षं झाली, नुसतं ए पोरी, ए पोरी! हितं लिहायलाबी हात धजत न्हाय.

शुक्रवार, ११ मे

शेंगाची चटणी कुटली. लई तिखट झाली.

शनिवार, १२ मे

पोरगी कंप्युटर शिकते. आज हा लांबलचक छापील कागद पसरून बसली. काय गं म्हटलं, तर सांगत बसली — आतल्या एकेका वस्तूला आपणच नाव ठेवायचं, मग त्याच नावानं हाक मारायची. इंग्रजीत तेच अक्षर थोरलं असतं, धाकटंबी असतं म्हणे. हिनं नाव ठेवलं सगळं धाकट्या अक्षरांत, न् हाक मारताना पहिलं अक्षर पडलं थोरलं. कंप्युटर ओच देईना! या नावाचं हितं कुणी न्हाय, म्हणून कागद परत!

तिसरीपर्यंत शिकलेली मी, पण कळलं. काय इमानी हाय ते! न्हायतर आमची शेजारीण कस्तुराबाई — हाक कुणालाबी मारा, चहाला तीच येते.

मग म्हणते कशी, "त्याला एका नावाच्या थोरली न् धाकटी वेगळ्या कळतात, आज्जी. तू मला हाक मारलीस तर पणजीला कशाला लागेल?"

किती हुशार! पण माझी जीभ काय उचलली न्हाय. तिनं कागद गुंडाळला. 

मंगळवार, १५ मे

गेली. पण यष्टी स्टँडवर काय झालं! मी पिशवी धरून उभी, न् ही पुस्तकात डोकं घालून चढली विजापूरच्या गाडीत — जायचं मुंबईला! "ए पोरी!" ओरडले. चार पोरी वळल्या, आमची सोडून. कंडक्टरनं घंटी मारली. मग मारली की हाक! नावानं! सगळ्या स्टँडाला ऐकू गेली. टुणकन उतरली, पळत येऊन गळ्यातच पडली. "परत एकदा म्हण की." न्हाय म्हटलं, गाडी बघ आधी.

घरी येऊन सासूबाईंच्या फोटोला हात जोडले. तुमाला न्हाय हो, धाकटीला मारली.

सोमवार, २१ मे

कार्ड आलं. चन्नम्मा सुखरूप पोचली.