चादरीखालचा पाय

आई,

तू खुर्चीतच झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. शाळेत चाललेय. आज वक्तृत्व स्पर्धा आहे आणि ती मीच जिंकणार, लिहून ठेव!

आता ओरडू नकोस. पिठाच्या डब्यामागे तू दडवलेली मॉर्फिनची बाटली मी काढली. बाबा "काही दुखत नाही गं" म्हणत होते, पण चादरीखाली त्यांचा शिंप्याचा पाय जणू शिलाई मशीन चालवत होता. दुखायला लागलं की तो चालतो, तुलाही माहितेय. बाबांना तपासायला येणाऱ्या सिस्टरना फोन केला आणि त्यांनी सांगितलं तेवढंच औषध दिलं. त्या म्हणाल्या, स्वादुपिंडाचा कॅन्सर आता बरा होणार नाही, पण दुखणं सोसत बसायची गरज नाही. औषधाची सवय लागेल म्हणून तू घाबरू नकोस.

हळूहळू पाय थांबला. मग मीच घाबरले आणि त्यांच्या नाकाशी बोट धरलं. "काय गं, माप घेतेस का?" म्हणाले आणि झोपले.

दुपारचा डोस तू दे. पाय चालायची वाट बघू नकोस.

मशीन मी झाकून ठेवलंय, तरी मला खटखट ऐकू येतेय. तुलाही येते का? संध्याकाळी खरं सांग, बाबांसारखं नको.

तुझा भोंगा